पन्हळीच्या तोंडाशी

भागूचं खरं नाव भागू नव्हतं. लहानपणी एकदा पालीला भिऊन तिने आख्खी दुपार न्हाणीघरात बालदीवर उभं राहून काढली, तेव्हापासून थोरला भाऊ तिला 'भित्री भागूबाई' म्हणायला लागला. लग्नात त्या शहाण्याने हा किस्सा सासरच्या मंडळींना रंगवून सांगितला. जे नाव माहेरच्या उंबऱ्यात राहायचं ते सामानसुमानाबरोबर सासरी आलं. सासऱ्यांनी तेवढी माणुसकी दाखवली की पुढचं 'भित्री' गाळलं आणि मागचं 'बाई'ही गाळलं. उरली ती भागू.

तर ही भागू त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या स्लॅबवर, हातात फटी बुजवायच्या सिलिकॉनची बंदूक घेऊन उभी होती. स्लॅबला कठडा नव्हता. कडेला शेवाळ होतं. खाली फरसबंदीवर जुन्या फुटक्या कौलांचा ढीग पडलेला होता. हौस म्हणून कोणी असलं काही करत नाही. तिच्यावर वेळच तशी आली होती.

त्यांचं घर कौलारू, आणि त्याला चिकटून सपाट छपराचं स्वयंपाकघर मागाहून बांधलेलं. कौलांवरचं पाणी कडेच्या पत्र्याच्या पन्हळीत पडायचं, पन्हळ कोपऱ्यापर्यंत जायची, आणि तिथून एक जाड पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीला धरून खाली परसात उतरायचा. पन्हळ आणि पाइप जिथे भेटतात तो जोड सुटला होता. पाणी पाइपात जायचं सोडून पाइपाच्या बाहेरून, भिंतीच्या पोटात शिरत होतं. आतल्या खोलीत नेमक्या पाळण्याच्या वर ओलीचा डाग पडला होता, आधी बशीएवढा, मग परातीएवढा. पाळण्यात भागूची मुलगी झोपायची. अजून चालत नव्हती, पण रांगण्यात कोणाला ऐकायची नाही. तिला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणीचा खोकला जात नव्हता आणि परवा रात्री डागातून गिलाव्याचा एक पापुद्रा सुटून तिच्या दुलईवर पडला होता.

प्लंबर 'उद्या येतो' म्हणून गेला तो गेला. नवरा कंपनीच्या कामासाठी परगावी. आणि बाबा, म्हणजे सासरे, गुडघ्यामुळे शिडी चढू शकत नव्हते. नाहीतर हे काम त्यांच्या डाव्या हाताचा मळ. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांना पन्हळी आणि पाइप बसवले होते.

"तू चढ," बाबा सकाळी चहा पिताना म्हणाले होते. "मी शिडी धरतो. खालून सांगतो तसं करत जा. त्यात काय आहे एवढं?"

"मला वर गेलं की चक्कर येते, बाबा."

"चक्कर खाली बघितलं की येते. खाली बघायचं काम माझं. तू हातातल्या कामाकडे बघ."

भागू हो म्हणाली. का हो म्हणाली, हे सांगायचं तर घरातली झाकली मूठ उघडावी लागेल. बाबा हल्ली विसरत होते. चष्मा, किल्ल्या वगैरे विसरतात तसं नव्हे. मागच्या आठवड्यात नाश्त्याला बसल्यावर त्यांनी विचारलं होतं, "हिला का नाही हाक मारलीस?" 'ही' म्हणजे सासूबाई, आणि सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. भागूच्या हातातला चमचा तसाच राहिला. "बाजारात गेल्यात," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली आणि नाश्ता संपवला.

हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. नवऱ्यालाही काय काय दिसलं होतं कोण जाणे, पण तो फोनवर दर वेळी 'बाबा ठणठणीत आहेत ना?' असं विचारायचा, आणि तो प्रश्न असा विचारायचा की उत्तर एकच देता येईल. भागूची रजा संपत आली होती. ती कामावर रुजू झाली की चिमणीला दिवसभर बाबा सांभाळणार, असं त्या घरात ठरलं होतं. बाबा ठणठणीत असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. सोयीची गोष्ट खरी मानायला माणसाला फार पुरावा लागत नाही, आणि भागू काही जगावेगळी नव्हती.

शिवाय कामाच्या गोष्टींत बाबा कुठेच चुकत नव्हते. शिडीचे पाय किती लांब ठेवायचे, वरचं टोक कुठे टेकवायचं, सगळं त्यांनी बघून दिलं. भागू जीव मुठीत धरून एकेक पायरी चढली, शेवटी गुडघ्यांवर रांगत स्लॅबवर गेली, आणि चिमणीने ही चाल आपल्याकडूनच उचलली की आपण तिच्याकडून, असा एक वेडगळ विचार तिच्या मनात आला.

"आधी पाला काढ!" खालून बाबांचा आवाज.

पन्हळ तिच्या छातीच्या उंचीवर होती. तिने आतला कुजका पालापाचोळा मुठींनी उपसून पिशवीत भरला. खाली पाइपाचं काळं तोंड दिसायला लागलं. भोवती फट बुजवायला लावलेली जुनी लांबी वाळून चिरा पडलेली, आणि पत्रा व पाइप यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट.

"फट आहे, बाबा!"

"असणारच. जुनं सगळं खरवडून टाक. मग फडक्याने कोरडं कर. ओल्यावर काही चिकटत नाही. कोरडं म्हणजे अगदी कोरडं!"

तिने खरवडलं, पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. हात कामात गुंतले तशी भीती जरा मागे सरली. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. तिथे फरशी कापायचं मशीन सुरू झालं आणि त्याच्या किंचाळण्यात बाकी सगळं बुडालं. मशीन मध्ये जरा थांबलं तेव्हा तिला चिमणीचं रडणं ऐकू आलं. झोप मोडली होती.

इथे भागू चुकली. चूक साधी होती, कोणीही केली असती. ती कडेपासून लांब उभी राहून ओरडली, "बाबा, चिमणी उठलीय! बघता का जरा? मी आहे स्लॅबवर, शिडी नको धरायला आत्ता!"

"बघतो, बघतो," बाबा म्हणाले आणि गेले.

भागूने सिलिकॉनची बंदूक दाबून फटीत पांढरी वळकटी भरली, बोट ओलं करून ती सगळीकडून दाबून बसवली. काम सुबक झालं होतं. स्वतःवर खूश होऊन तिने हत्यारं पिशवीत टाकली आणि उतरायला म्हणून वळली.

शिडी नव्हती.

तिला आधी वाटलं, आपण चुकीच्या कडेला बघतोय. मग पोटावर आडवी होऊन तिने खाली डोकावलं. शिडी भिंतीच्या बुंध्याशी नीट आडवी ठेवलेली होती, दोरीसुद्धा गुंडाळून. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या प्रकाशाने अंगावर काटा आला. बाबांचा जन्मभराचा नियम होता: ज्या शिडीजवळ माणूस नाही ती शिडी उभी ठेवायची नाही. पोरंटोरं चढतात, चोर चढतात. ते नातीला बघून बाहेर आले असतील, त्यांना रिकामी शिडी दिसली असेल, आणि हातांनी आपलं काम चोख केलं असेल. वर सून आहे हे मधल्या मध्ये कुठेतरी गळून गेलं होतं.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, शिडी!"

मशीनने तिचा आवाज गिळून टाकला. फोन खाली, स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगला. बांधकामाचे कामगार भिंतीच्या पलीकडे कानांवर टोप्या चढवून वाकलेले. तिने ओढणी हलवली, हाका मारल्या, आणि हाका मारता मारता घसा बसला. कोणी मान वर केली नाही.

घाबरू नकोस, तिने स्वतःला बजावलं. नवरा संध्याकाळी येईलच. मग आठवलं की नवरा उद्या येणार आहे.

तेवढ्यात मशीन थांबलं आणि तिला खालून, थेट पायांखालून, घरातले आवाज ऐकू आले. स्लॅबखालच्या, धूर जायला ठेवलेल्या झडपेतून ते स्पष्ट वर येत होते. कपाट उघडल्याचा आवाज. भांडं ठेवल्याचा. बाबा गुणगुणत होते. चिमणी जमिनीवर हाताने काहीतरी आपटत होती, म्हणजे ती स्वयंपाकघराच्या फरशीवर होती. मग गॅसच्या लायटरचा आवाज आला, टक, टक, टक.

दूध तापवतायत, भागूला कळलं. एरवी तिला बरं वाटलं असतं. आज ती झडपेच्या दिशेने सरकली.

बाबांच्या पावलांचा आवाज आला, पण तो लांब जाणारा. परसाचं दार करकरलं. मग काहीच नाही. चिमणी एकटीच आतून 'ता ता ता' करत होती.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मागोमाग 'चर्र' असा आवाज झाला आणि बंद पडला. दूध उतू गेलं होतं. दूध उतू गेलं की ज्योत विझते, आणि ज्योत विझली तरी गॅस यायचा थांबत नाही. भागूने नाक झडपेच्या दिशेने केलं. गॅसचा वास येतोय का? येतोय. नाही येत. येतोय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; तिला स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची चोरी झाली होती. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. गॅस जड असतो, तो जमिनीलगत साचतो. आणि जमिनीवर तिची मुलगी बसली होती. बाबा परत आत येणार, चूल विझलेली बघणार, आणि पुन्हा लायटर उचलणार.

ती कडेला गेली, पाइपाला मिठी मारली आणि एक पाय खाली सोडला. पाइपावरून पोरं उतरतात, आपण का नाही? पाइप भिंतीला धरून ठेवणारी स्लॅबखालची पट्टी गंजलेली होती. तिच्या वजनाने ती खिळ्यासकट भिंतीतून सुटली, पाइप मधूनच वीतभर बाहेर झुकला, वरचा जोड तेवढा टिकला, आणि भागू क्षणभर कशालाच धरून नव्हती. मग कोपर स्लॅबवर आपटलं, ती कशीबशी परत वर सरपटली आणि शेवाळात तोंड घालून पडून राहिली. तिला रडू येत होतं, पण रडायला श्वास लागतो, तो नव्हता.

उडी मारली तर? खाली कौलांचा ढीग. पाय मोडला तर रांगत जाईन. डोकं फुटलं तर?

ती उठली. काय करावं सुचत नव्हतं म्हणून ती जिथे मघापासून काम करत होती तिथेच गेली, आणि पन्हळीत वाकून, तोंड पाइपाच्या भोकाशी नेऊन, उरलासुरला जीव एकवटून ओरडली, "बाबा!"

आवाज पाइपातून घुमत खाली गेला. ओलं सिलिकॉन तिच्या गालाला चिकटलं. तिने कान लावला.

पाइपातून, अगदी कानाशी बोलावं तसा, बाबांचा आवाज वर आला. "मोकळा आहे! सोड पाणी!"

भागूला काही कळेना. "बाबा, मी आहे! शिडी लावा! गॅस बंद करा!"

"कोण? नीट बोल लंब्या, घुमतंय सगळं."

लंब्या. लंबूच्या गोष्टी तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. बाबांचा कामातला जोडीदार, ताडासारखा उंच. लंबू नेहमी वर आणि बाबा नेहमी खाली. पाइप बसवून झाला की लंबू वरून हाक घालायचा आणि बाबा खालच्या तोंडाला कान लावून सांगायचे, मोकळा आहे की तुंबलाय. लंबू कधीचा वारला होता. पण पाइपाच्या वरच्या तोंडातून हाक आली म्हणजे ती लंबूचीच, एवढं बाबांच्या डोक्यात शिल्लक होतं.

"बाबा, मी भागू!" तिने पुन्हा एकदा करून बघितलं.

"भागू घरात आहे. तू तिला कशाला हाक मारतोस?" बाबांच्या आवाजात कडकपणा आला. "काम कर."

पावलं सरकल्याचा आवाज आला. ते निघाले होते. भागूला कळलं की सून म्हणून तिने कितीही टाहो फोडला तरी उपयोग नाही. तिने आवाज जाड केला. बसलेल्या घशाची त्यात मदतच झाली.

"ए, थांब!" ती पाइपात ओरडली. सासऱ्यांना अरेतुरे करायची ती तिची पहिलीच वेळ. "आधी स्टोव्ह बंद कर! स्टोव्ह चालू ठेवून कुठे चाललास?"

पावलं थांबली. पत्र्याचे जोड तापवायला हे लोक कामावर स्टोव्ह घेऊन जायचे, हे तिला ठाऊक होतं. पुढचं तिने देवावर सोडलं.

"स्टोव्ह?" बाबा म्हणाले. "पेटवला होता का मी?"

"पेटवलास! आत आहे. जा, कान पिळून बंद कर. आणि काडी ओढू नकोस! ऐकलंस? विझला असला तरी काडी ओढायची नाही, नुसता बंद करायचा. दारं-खिडक्या उघड."

"बरं, बरं. ओरडतोस काय?"

दार करकरलं. भागूने डोळे मिटून घेतले आणि झडपेकडून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला कान दिला. पावलं. चिमणीचं 'ता ता'. मग शांतता, एवढी लांब की त्यात तिने लायटरचा टक् आवाज मनातल्या मनात कितीदा तरी ऐकला. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं.

खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला. दुसरीची आला. मग पाइपातून आवाज आला, "बंद केला रे. विझलाच होता, वास सुटला होता. बरं झालं सांगितलंस."

भागू मटकन खालीच बसली. पण लगेच उठली, कारण बाबा पुढे म्हणाले, "लंब्या, आत एक पोर बसलंय जमिनीवर. कुणाचं आहे?"

कुणाचं आहे. एवढ्या सगळ्यात तिला सर्वांत जास्त भीती ह्या दोन शब्दांची वाटली. ज्या आजोबांनी बारशाला नातीला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं ते विचारत होते, कुणाचं आहे.

"त्याला बाहेर आण," ती म्हणाली. आवाज जाड ठेवायला फार कष्ट पडले. "कडेवर घे. वास आहे तिथे ठेवू नकोस."

बाबा गेले आणि आले. पाइपातून चिमणीचा खोकला वर आला, मग तिची किलबिल. भागूने पन्हळीच्या पत्र्यावर कपाळ टेकलं.

"लंब्या," बाबांचा आवाज बदलला होता. "ही आमची चिमणी आहे रे. माझी नात."

"हो," भागू म्हणाली.

"मी तिला ओळखलं नाही."

भागूने कान पाइपाच्या तोंडाला आणखी घट्ट लावला. फरशीचं मशीन पुन्हा सुरू होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

"तुला एक सांगतो, पण कोणाला बोलू नकोस. घरी तर मुळीच नको. हल्ली माझं मधलंमधलं काहीतरी पुसलं जातं. सकाळी उठलो की आधी हे घर कुणाचं ते शोधून काढतो, मग खोलीबाहेर येतो. तोवर आत बसून राहतो, म्हणजे कोणाला कळत नाही." ते थांबले. चिमणीने त्यांच्या तोंडात बोट घातलं असावं, कारण पुढचे शब्द बोबडे आले. "सून कामावर जायची आहे. पोर माझ्यावर टाकून जाणार. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. पण मला भीती वाटते, लंब्या. आख्ख्या आयुष्यात वाटली नाही एवढी वाटते. माझ्या हातून हिचं काही झालं तर?"

पन्हळीत भागूचे अश्रू टपटप पडत होते आणि पाइपाच्या तोंडात ओघळत होते. जोड पक्का बसला होता, एक थेंब बाहेर आला नाही. पण ते बघायला तिचे डोळे ठिकाणावर नव्हते. ह्या घरात भित्री म्हणून आपण एकट्याच प्रसिद्ध होतो, आणि हा माणूस रोज सकाळी बंद खोलीत एकटा बसून घाबरत होता. आपण त्याला ठणठणीत म्हणत होतो. आणि पोर त्याच्यावर टाकून निघालो होतो.

"लंब्या? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "काही होणार नाही तिला. कपडे भिजवायचा मोठा टब आहे ना, त्यात बसव तिला. त्यातून तिला बाहेर पडता येत नाही. आणि मग शिडी लाव. मला उतरू दे."

"शिडी कुणी काढली?"

"कुणीतरी काढली. लाव."

"गाढव आहेत लेकाचे. वर माणूस असताना शिडी काढतात?" बाबा खरोखरच चिडले.

शिडी घासत आली, भिंतीला टेकली, थोडी सरकली, पुन्हा टेकली. भागूने कडेवरून पाहिलं. बाबा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते, मान खाली घालून, शिडीच्या पायांकडे बघत. टबात चिमणी उभी राहायचा प्रयत्न करत होती. भागूने पाठमोरी होऊन पाय सोडला. पायरी सापडेना. त्या क्षणी तिला वाटलं, आत्ता हे पुन्हा विसरले तर? आत्ता हात सोडून आत गेले तर? उतरताना ह्यांच्याशी बोलत राहावं, तर कोणाच्या आवाजात बोलावं?

"उतरतोय रे," ती लंबूच्या आवाजात म्हणाली. "धरलंयस ना?"

"धरलंय. ये."

एक पायरी. "धरलंयस?" "धरलंय." आणखी एक. "धरलंयस?" "अरे धरलंय म्हणतो ना, बाईमाणसासारखा काय घाबरतोस!" असं करत करत तिचा पाय फरशीला लागला आणि ती धावत जाऊन टबातून चिमणीला उचलून उराशी धरून बसली. चिमणीने आईच्या गालावरचं सिलिकॉन ओढून काढायचा प्रयत्न केला.

बाबा अजून शिडी धरूनच उभे होते. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी वर बघितलं, मग भागूकडे, तिच्या मळलेल्या कपड्यांकडे, खरचटलेल्या कोपराकडे.

"तू?" ते म्हणाले. "तू कधी वर गेलीस?"

एरवी तिने काहीतरी गोड थाप मारली असती. बाजारात गेल्यात, तसलीच. तिच्या जिभेवर आलीही. ती तिने गिळली.

"बाबा, तुम्हाला भीती वाटते?"

बाबांचा चेहरा कडक झाला. "कोण म्हणालं?"

"लंबू."

"तरी त्याला सांगितलं होतं घरी बोलू नकोस," बाबा उसळून म्हणाले. "त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांनी हळूहळू शिडीवरचे हात काढले आणि पाइपाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. सुटून झुकलेल्या भागापाशी त्यांची नजर जरा अडखळली.

"लंबू तर गेला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"म्हणजे मी हे सगळं तुलाच सांगितलं."

"हो."

ते टबाच्या काठावर बसले. मग भागू म्हणाली, "मलाही भीती वाटते. खूप दिवसांपासून. मला दिसत होतं सगळं आणि मी कोणाला बोलले नाही. आज चिमणी..." तिने चिमणीला आणखी जवळ ओढलं.

बाबांनी मान हलवली. ते रडत होते, पण आवाज न करता. त्यांनी तळहाताने डोळे पुसले, आणि चिमणीचं पाऊल हातात धरून ते नुसते बसून राहिले.

"त्याला सांगायला हवं," ते म्हणाले. त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला.

"उद्या येतोय तो. उद्या बोलू शांतपणे."

"उद्या नको," बाबा म्हणाले. "आत्ताच लाव फोन. मला आठवतंय तोवर."

भागूने खिडकीतून हात घालून फोन काढला. स्वयंपाकघरात अजून करपल्याचा वास होता. तिने नंबर लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली तेव्हा बाबांनी हात पुढे केला, आणि तिने फोन त्यांच्याकडे दिला.